ताडपत्रीखाली एकच ताट

आंजीच्या बापूराव डायगव्हाण्यांनी फाल्गुनात बंडी जुंपली आणि बायकोला घेऊन ते हिंगणीच्या पलीकडच्या डोंगरात राहायला निघाले, तेव्हा गावाला क्षणभर बोलायला शब्द सापडेनात. मग सापडले ते थांबेनात.

राहायला म्हणजे राहायलाच. ना जत्रा होती, ना नवस, ना कुठे पाहुणपण. महादेवाला जायचं तर लोक बंडी घेऊन निघतात, वाटेत झाडाखाली मुक्काम टाकतात, त्यात नवल नाही. पण देवाशिवाय, कामाशिवाय, नुसतं डोंगरात जाऊन ताडपत्री ठोकून बसायचं, हे आंजीत कोणी ऐकलं नव्हतं. कोणी म्हणालं, लेकांशी बिनसलं. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याला गुप्तधनाचा सुगावा लागला, म्हणून तर बंडीत कुदळ आहे. कुदळ होती खरी, पण ती खुंट्या ठोकायला. पारावरच्या चिंधूला काही राहवेना. त्यानं बंडी अडवून तोंडावरच विचारलं.

"काऊन जी बापूराव, डोंगरात काय हाय?"

"हवा हाय," बापूराव म्हणाले.

"हवा तं इथे बी हाय."

"इथली तू खाऊन राह्यला ना. म्हून तिकडची पाह्यतो."

चिंधू हसला, पार हसला, आणि बंडी पुढे निघाली. बंडीत मागे पदर सावरून बसलेल्या अनुसयाबाई मात्र हसल्या नाहीत. आपला नवरा एकाएकी असा का वागतो आहे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खरं कारण बापूरावांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतं. संक्रांत झाल्यावर अनुसयाबाई विहिरीवर चक्कर येऊन पडल्या. नशीब बलवत्तर, म्हणून बाहेरच्या अंगाला पडल्या. बापूरावांनी त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि बापूरावांकडे वळून विचारलं, "ही जेवते का?"

"जेवते नाई तं काय? घरात कोठी भरून जवारी हाय."

"ज्वारीचं नाही विचारलं. काल ही काय जेवली?"

"आमी सारे जेवलो तेच," बापूराव म्हणाले.

"तुम्ही पाहिलं?"

आता ह्या बाईचं काय करावं! बापूरावांना असा राग आला की बायकोला उठवून तिथूनच परत न्यावं. पण डॉक्टरीणबाई कागदावर काही लिहीत शांतपणे म्हणाल्या, "रोग काही नाही. अंगात रक्त नाही, कारण पोटात अन्न नाही. औषध देते, पण औषधानं भागायचं नाही. गरम, पोटभर जेवण आणि घरापासून थोडे दिवस लांब. पुन्हा अशी पडली तर उठवणं माझ्या हातात नसेल."

परतीच्या वाटेवर राग उतरला आणि बापूराव आठवू लागले. बायकोला जेवताना आपण कधी पाहिलं? खूप मागे गेले. लग्नात एकमेकांना घास दिला होता, तो आठवला. तो घासही त्या पोरीनं लाजून गालातच धरून ठेवला होता. त्यानंतर काही आठवेना. घरात आधी पुरुषमाणसं जेवत, मग लेकरं, मग गडी, मग सुना, आणि सगळ्यांच्या शेवटी, भिंतीआड, बापूरावांच्याच खरकट्या ताटात अनुसयाबाई. पुरुषानं स्वयंपाकघरात डोकावायचं नाही, हा बापूरावांच्या आईचा कायदा होता. आई दोन वर्षांमागे गेली. कायदा राहिला. तीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, ती स्वतः कशी खाते, हे ह्या माणसाला ठाऊक नव्हतं.

औषधाची बाटली अनुसयाबाईंनी घरी नेऊन गर्भार सुनेला पाजली. ते कळल्यावर बापूरावांनी ठरवून टाकलं. साहेबलोक हवा बदलायला चिखलदऱ्याला जातात. आपण हिंगणीच्या डोंगरात जाऊ. अनुसयाबाईंचं माहेर हिंगणीचंच. तिथं आता आपलं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं, घरही दुसऱ्याचं झालं होतं. पण लहानपणी बापाच्या ढोरांमागे त्या ज्या डोंगरात हिंडल्या, तो डोंगर तर कोणी विकला नव्हता. आणि मुख्य म्हणजे डोंगरात स्वयंपाकघर नव्हतं, भिंत नव्हती, सुना-नातवंडं नव्हती. तिथं बायकोला पोटभर जेवताना आपल्या डोळ्यांनी पाहायचं, आणि ते पाहिल्याशिवाय बंडी माघारी वळवायची नाही. एवढाच त्यांचा बेत होता. पारावर तो सांगितला असता तर गावानं त्यांना गुप्तधन शोधणाऱ्यापेक्षा मोठा वेडा ठरवलं असतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा बंडी डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठी पोचली. जागा अशी की बापूराव बैल सोडायचंच विसरले. पळस असे फुलले होते की सगळा उतार पेटल्यासारखा दिसत होता. ओढ्यात गुडघाभर स्वच्छ पाणी, त्यात सागाची मोठमोठी वाळकी पानं तरंगत चाललेली. वर धावड्याचे पांढरे बुंधे. शेतीवाडीत जन्म गेलेला माणूस, त्याला झाड म्हटलं की बंडीचं जू नाही तर सरपण आठवायचं. आज पहिल्यांदा काहीच आठवलं नाही. "वा रे वा," ते पुटपुटले.

ताडपत्री त्यांनी सरकी काढायच्या जिनातून मागून आणली होती, कापसाचे ढीग झाकायची. बंडीची धुरी दुबेळक्याच्या, दोन फाटे फुटलेल्या खांबावर टेकवायची, चाकांवरून ताडपत्री ओढून समोर दोन बांबूंना बांधायची, की झाला तंबू, असा त्यांचा हिशेब. वाऱ्याचा हिशेब निराळा निघाला. एक कोपरा बांधला की दुसरा उडे. त्यात कोपऱ्यांच्या कड्या केव्हाच तुटलेल्या. बापूराव ताडपत्रीवर पालथे पडून तिच्याशी झुंजत होते, आणि बैल मान वळवून ही गंमत पाहत होते.

"सरका जी," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी ओढ्यातला एक गोटा उचलला, ताडपत्रीच्या कोपऱ्यात ठेवला, पदरात सुपारी बांधावी तसा तो कापडात गुंडाळला आणि त्या गाठोड्याच्या मानेला दोर आवळला. चारी कोपऱ्यांना तेच. वाऱ्यानं मग ताडपत्रीला नुसते धक्के दिले आणि नाद सोडला.

"हे कोठी शिकली वं?" बापूरावांनी तोंडात बोट घातलं.

"बाबूजी ढोराईच्या मागं राह्यत ना इथं. पान्यापावसात आमचं घोंगडं असंच बांधत."

एवढं बोलून त्या कामाला लागल्या आणि बापूरावांच्या बेताचे पहिलेच बारा वाजले. ज्या बाईला विश्रांतीसाठी आणलं, तिनं पळसाच्या डहाळीनं ताडपत्रीखालची जागा झाडली, बैलांचं ताजं शेण घेऊन ती सारवली, तीन दगडांची चूल मांडली, चुलीलाही सारवण दिलं, आणि दिवस बुडायच्या आत जंगलात आंजीचंच घर उभं केलं. फक्त भिंत नव्हती. बापूरावांनी त्यातच समाधान मानलं.

तेवढ्यात खाकी कोट घातलेला, हातात कुऱ्हाड घेतलेला एक माणूस आला. तो जंगलखात्याचा नाकेदार, पुनाजी उईके. त्याचा नाका हाकेच्या अंतरावर होता. "काय करून राह्यले जी इथे?" त्यानं विचारलं.

"राहून राह्यलो," बापूराव म्हणाले.

"थे दिसून राह्यलं. पन कायच्यासाठी? साग तोडाचा हाय का?"

"नाई बा. पाहाले आलो. डोंगर."

पुनाजीनं बंडीत डोकावून पाहिलं, कुदळ पाहिली, सारवलेली जमीन पाहिली, आणि तो बुचकळ्यात पडला. राजधानी नागपुरातून मुंबईला गेल्यापासून सरकार काय काय करील, ह्याचा त्याला भरवसा नव्हता. "तुमाले वरून तपासनीले तं नाई ना पाठवलं?" त्यानं आवाज खाली घेऊन विचारलं. नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. रात्री आगटी विझू द्यायची नाही, बैल ताडपत्रीजवळ बांधायचे, आणि काही लागलं तर हाक मारायची, असं बजावून तो गेला.

पहिलं जेवण कंदिलाच्या उजेडात झालं. भाकरी, डाळ, वांग्याची भाजी. अनुसयाबाईंनी ताट वाढलं आणि बापूरावांनी आपला पहिला डाव टाकला. "तू बी घे. संगं बसू."

"कायच्यात घेऊ? ताट तं एकच आनलं."

"एकच?"

"मंग? दुसरं कायले?" त्यांना प्रश्नच कळला नाही. नवऱ्याचं जेवून झालं की तेच ताट त्यांचं. तीस वर्षं हेच चाललं होतं, मग बंडीत दुसऱ्या ताटाचं ओझं कशाला.

बापूराव निमूट जेवले. भाजी फार चांगली झाली होती. पण तोंडानं चांगलं म्हणणं हे बापूरावांच्या घराण्यात कोणाला जमलं नव्हतं. बायकोची तारीफ करणारा माणूस बायकोच्या मुठीतला, अशी आईची शिकवण. म्हणून भाजी आवडली की बापूराव ताट पुढे सरकवत आणि म्हणत, "वाढ अजून." अनुसयाबाईंच्या चेहऱ्यावर बारीकसं काही उमले आणि त्या वाढत. हीच त्यांची तारीफ, हीच पोच. आजही ते म्हणाले, "वाढ अजून," आणि मग ताट बोटानं पुसून लख्ख केलं, कारण ताटात काही टाकू नये हीही आईचीच शिकवण.

मग ते ठाण मांडून बसले. आता पाहतोच. अनुसयाबाई ताट घेऊन बंडीच्या पल्याड गेल्या. बापूराव खाकरले, बैलांना वैरण टाकायच्या निमित्तानं उठले, वळसा घालून तिकडे पोचले, तर त्या ताट राखेनं घासत होत्या.

"जेवली?"

"जेवली ना."

एवढ्यात कधी जेवली, हे काही बापूरावांना उमगलं नाही. ताडपत्रीखाली आडवे झाल्यावरही ते त्याचाच विचार करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसयाबाईच म्हणाल्या, "वरता जाऊन येऊ का?" असं स्वतःहून काही मागायची त्यांची बोली नव्हती. बापूरावांनी लगेच पागोटं बांधलं.

चढताना बापूरावांनी जी बायको पाहिली, ती त्यांनी आजवर पाहिली नव्हती. आंजीत त्या मान खाली घालून, भिंतीच्या कडेकडेनं चालत. इथं त्या पुढे होत्या. पाय कुठे ठेवायचा हे न पाहता ठेवत होत्या. "ह्या सालईपाशी आमची धामनी गाय याली होती." "हा धोंडा पाहा, याच्यावरून मी घसरत जाओ, मायनं लय मारलं होतं." मध्येच दम लागून त्या बसल्या, ओठ पांढरे पडले, आणि बापूरावांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन, हसून, त्या पुन्हा उठल्या. एका झुडपावर हंगाम सरतासरताची रानबोरं राहिली होती, वाळून गोड झालेली. त्यांनी पदरात खुडून घेतली आणि सगळी बापूरावांच्या ओंजळीत ओतली. बापूरावांनी ती चालता चालता खाऊन टाकली.

माथ्यावरून सगळा मुलूख दिसला. खाली पळसाचा तांबडा लोंढा, त्यात मध्येच सागाचे करडे पट्टे, ओढ्याची चकाकती रेघ, आणि लांब, धुरकट, हिंगणीची कौलं. मोर ओरडला आणि त्याला दुसऱ्या डोंगरावरून जबाब आला. वारा असा स्वच्छ की छातीत साठवून न्यावा. अनुसयाबाईंच्या डोक्यावरचा पदर उडाला, आणि त्यांनी तो लगेच ओढला नाही. केसांत पांढरं दिसत होतं, गालांची हाडं वर आली होती, पण डोळे त्या ढोरं राखणाऱ्या पोरीचे होते. बापूरावांना एकदम वाटलं, किती देखणी आहे ही! बोलावं असं फार वाटलं. पण तशी जिभेला सवय नव्हती. "ऊन झालं," ते म्हणाले, "चाल."

खाली उतरल्यावर भूक अशी लागली होती की विचारू नका. अनुसयाबाईंनी वांगी चिरली, भाकरी थापल्या, आणि वास सुटतो न सुटतो तोच पुनाजी नाकेदार हजर झाला. रात्री सांबर ओरडलं ते ऐकलं का, हे विचारायला तो आला होता. जेवायच्या वेळी दारी आलेल्याला तसंच कोण जाऊ देतो? "बसा जी," अनुसयाबाई म्हणाल्या. पुनाजीनं नाही-हो केलं, मग सागाच्या दोन पानांची पत्रावळ केली आणि तो बसला. माणूस मोकळा होता. पहिल्याच घासाला म्हणाला, "वैनी, असी भाजी मी नाई खाल्ली कधी!"

बापूरावांना अभिमान वाटला, आणि थोडं झोंबलंही. परका माणूस सहज म्हणून गेला आणि आपण तीस वर्षांत म्हटलं नाही. मग त्यांनी आपल्या रीतीनं म्हटलं. ताट पुढे सरकवलं. "वाढ अजून." पुनाजीलाही वाढायला लावलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हटलं, "वाढ." आज त्यांना फार म्हणजे फार तारीफ करायची होती.

पुनाजी ढेकर देऊन गेला. बापूराव बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर उतरले आणि दोर विसरला म्हणून अर्ध्यातूनच परतले. बंडीच्या चाकाआडून त्यांना बायको दिसली. ती जेवायला बसली होती. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच समोर होतं. ते तिथंच थबकले.

अनुसयाबाईंनी भाजीचा पितळी गंज तिरपा करून आत पाहिलं. मग भाकरीच्या तुकड्यानं गंजाच्या आतून गोल हात फिरवला आणि कडेला लागलेला मसाला पुसून तो तुकडा खाल्ला. दुसऱ्या तुकड्याबरोबर मीठ आणि मिरची घेतली. भाकरी अर्धीच उरली होती. ती झाल्यावर तांब्या तोंडाला लावून त्या घटाघटा पाणी प्याल्या, आणखी थोडं प्याल्या, आणि त्यांनी ताट घासायला घेतलं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं की तक्रार नव्हती. रोज करतो ते काम संपवावं, तसं त्यांनी जेवण संपवलं.

बापूराव चाकाला धरून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. काल ही काय जेवली? आपण ठेवलं ते. आणि आपण काय ठेवलं? ताट तर बोटानं पुसून दिलं. भाजी जितकी चांगली, तितकं आपण मागितलं, आणि जितकं मागितलं, तितकं हिच्या पोटातलं काढून घेतलं. बोरंसुद्धा एक हिच्या हातावर ठेवलं नाही. तीस वर्षं आपण बायकोची तारीफ करत होतो आणि ती विहिरीवर चक्कर येऊन पडली. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. बैलांना पाणी पाजून झाल्यावर ते ओढ्याच्या काठीच बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनुसयाबाई ओढ्यावरून धुणं घेऊन आल्या, तर बापूराव धोतर खोचून कणिक तिंबत होते. बाजूला गोवऱ्यांचा जाळ लागला होता. रोडगे करायचे होते. महादेवाच्या जत्रेत, शेतात, पंगतीसाठी रोडगे पुरुषच भाजतात, त्यामुळे तेवढं बापूरावांना येत होतं. वांग्याची भाजी मात्र त्यांनी आयुष्यात प्रथम फोडणीला टाकली होती आणि धुरानं डोळे लाल झाले होते.

"अगं माय! हे काय करून राह्यले? कोनी पाह्यलं तं?"

"कोन पाह्यते? मोर?"

"सरका जी, मी करते."

"तू बस." बापूरावांनी गोवऱ्यांच्या आरातून रोडगा काढला, राख झटकली, फोडला, त्यावर तुपाची धार धरली, ताटात वाढला, भाजी वाढली, आणि ताट बायकोच्या पुढ्यात ठेवलं. "जेव."

"तुमचं होऊ द्या आधी."

"आधी तू."

अनुसयाबाई ताटापासून अशा मागे सरकल्या, जसं काही त्यात विंचू होता. "मले पापात घालता का? तुमच्या आधी मी कशी जेवीन?"

"काल पाह्यलं मी," बापूराव म्हणाले.

"काय?"

"गंज पुसला तू. भाकरीच्या तुकड्यानं."

अनुसयाबाईंचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांनी पदर पुढे ओढला. "पावना आलता. मंग काय करू?"

"पावना काल आला वं. तीस वर्षं कोन पावना येऊन राह्यला होता? मीच ना?" बापूरावांचा आवाज चढला. राग बायकोवर नव्हता, पण निघत तिच्यावरच होता. "मी मांगत गेलो अन् तू वाढत गेली! एकदा तरी नाई म्हनाचं होतं! सरली म्हनाचं होतं!"

अनुसयाबाई बोटानं सारवलेली जमीन उकरत होत्या. त्या बोलल्या, पण खाली पाहूनच.

"तुमी तोंडानं कधी चांगलं म्हटलं का? वाढ अजून म्हना, तेवढंच. थे आयकलं का माह्यं पोट भरे."

बापूरावांचा राग तिथंच गळून पडला. समोर ताट, पलीकडे ही वाळलेली, न कुरकुरणारी बाई, जिनं आपल्या दोन शब्दांवर तीस वर्षं काढली. आपण किती थोडं दिलं आणि हिनं ते किती मोठं मानून घेतलं! त्यांना वाटलं, कालचा सगळा डोंगर हिच्यापुढे लहान आहे.

"मंग आता तोंडानं सांगतो," ते म्हणाले. त्यांनी खाकरून पाहिलं. "तुह्या हातची भाजी... लय चांगली असते. पह्यल्या दिवसापासून. अन् काल वरता... तू लय चांगली दिसली."

अनुसयाबाईंनी चटकन उठून त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप तं नाई ना तुमाले?"

"नाई वं!" बापूराव हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. धुराचं निमित्त होतंच. "तू पडली होती विहिरीवर. डाक्टरीन म्हने, पुन्हा पडली तं उठनार नाई. मंग मी कोनाले मांगू अजून? जेव. माह्यासाठी जेव."

अनुसयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग ताट ओढून घेतलं, आणि त्यांच्याकडे पाठ करून बसल्या. तेवढी मुभा बापूरावांनी दिली. पहिला घास घेताना त्यांच्या पाठीचा कणा दोरीसारखा ताणलेला होता. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला तो सैल झाला. भाजीत मीठ जास्त पडलं होतं आणि वांगी एका बाजूनं करपली होती, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. आणि मग, आपण काय करतो आहोत हे ध्यानात न येता, त्या हळूच वळून ओढ्याकडे तोंड करून बसल्या, आणि बापूरावांना त्या जेवताना दिसल्या.

त्या रोडगा आधी बोटांनी अगदी बारीक कुस्करत. घास घेतला की डोळे क्षणभर मिटत. मिरचीला नाकाचा शेंडा लाल होई. आणि जेवताना त्यांचा एक पाय आपोआप हलत होता, पारंबीवर बसलेल्या पोरीसारखा. तीस वर्षं हे सगळं भिंतीआड चाललं होतं. बापूराव पाहत राहिले. पळसाची फुलं ताडपत्रीवर पडत होती, त्यांचा टपटप आवाज येत होता, आणि त्यांना आणखी काही नको होतं.

ताटातली भाजी संपली. अनुसयाबाई थांबल्या. ताटाच्या कडेवर त्यांनी बोट फिरवलं. बापूरावांना वाटलं, आता उठतील, ताट घासायला घेतील. पण त्यांनी मान वर न करता, दोन्ही हातांनी, ताट हळूच पुढे सरकवलं.

"वाढा अजून," त्या म्हणाल्या.

बापूरावांनी गंज उचलला आणि सगळी भाजी त्यांच्या ताटात ओतली. मग उरलेला रोडगा फोडला, गंज तिरपा केला, आणि तुकड्यानं आतून गोल हात फिरवला.